आवडाबायचा बदाम

आमच्या या खाडीकाठच्या वाडीत घरटी एक बदाम आहे, तोही थेट अंगणात. पाहुणे विचारतात, माड लावायच्या जागी हे कशाला? त्याची गोष्ट माझी आत्या सांगायची.

फार पूर्वी इथे आवडाबाय नावाची बाई होती. तिच्या माहेरी थंडीत बदामाची पानं कुंकवासारखी तांबडी होत. त्या आठवणीने तिने अंगणात बदाम लावला. लोक हसले, नुसत्या रंगासाठी कुणी झाड लावतं का? ती पाणी घालत राहिली. झाड डोक्यावर गेलं आणि तिने अंथरूण धरलं.

आतल्या खोलीतून झाड दिसेना. ती सुनेला, येसूला म्हणाली, "पानं तांबडी झाली की मला बाहेर ने. तेवढं बघितलं की मी जायला मोकळी."

येसूला आई नव्हती. सासूनेच तिला लेकीसारखं सांभाळलं होतं. आता तिलाही ती जाऊ देणार नव्हती. पौष लागला. रोज उजाडताच ती झाडाखाली जाई, तांबडं पान दिसलं की खुडून चुलीत टाकी.

आतून हाक येई, "येसू, झालं का गं?"

"नाही हो आई. हिरवंच आहे."

पण पानं रोज जास्तच तांबडी होऊ लागली. सासू जरा खोकली तरी ती धावत आत जाई.

एके सकाळी आवडाबाय रडवेली होऊन म्हणाली, "माझ्याच हाताला गुण नाही गं. उगाच लावलं झाड."

येसूला राहवलं नाही. पाय धरून तिने सगळं सांगून टाकलं. म्हातारीने हात पुढे केले. मग म्हणाली, "उचल मला."

येसूने तिला उचलून अंगणात आणलं. तेव्हा उरलेलं सगळं झाड, असं सांगतात, त्या दोघींच्या डोळ्यांदेखत शेंड्यापासून तांबडं होत खाली आलं. येसू सासूच्या छातीवर हात ठेवून बसली, श्वास चालू आहे ना ते बघत. दिवस कलला. आवडाबाय म्हणाली, "पेज दे गं. भूक लागली."

ती गेली, पण नवी पालवी जून झाल्यावर. हसणाऱ्यांनीही मग आपापल्या अंगणात बदाम लावला.

आजही पौषात पहिलं पान तांबडं झालं की इथल्या सुना मनातून धास्तावतात. पान मात्र कुणी खुडत नाही. घरातल्या म्हातारीची बाज अंगणात काढतात आणि तिच्याजवळ बसून राहतात.