भुणीचं गुलाबी फूल

लांब तिकडे एक ओला माळ होता. पाऊल टाकलं की पचक पचक. माळावर पाइनची झाडं होती. उंच, सरळसोट, जाड सालीची. कुणाच्या अध्यात ना मध्यात.

तिथं राहायची भुणी. इवलीशी मधमाशी. दर वर्षी माळावर आमरीचं गुलाबी फूल यायचं. भुणी त्यातला मध खायची. तिला दुसरं काही गोडच लागायचं नाही.

यंदा फूलच नाही. गवत मात्र हे एवढं उंच. भुणीच्या पोटात कावळे ओरडू लागले. एवढ्याशा पोटात कावळे मावले कसे, ते मला विचारू नकोस.

आमरीचा गड्डा मातीखाली बसला होता.
“आमरी आमरी, वर ये ना.”
आमरी म्हणाली, “वर अंधार आहे. गवत हटलं तर येईन.”

भुणी निघाली गवताकडे. भुण भुण, भुण भुण.
“आमरी येईना, मी उपाशी. गवता गवता, हट ना.”
गवत सळसळलं, “मी नाही हटत. जाळ आला तर बघू.”

भुणी निघाली जाळाकडे. भुण भुण, भुण भुण. जाळ होता येसूआत्याच्या चुलीत.
“गवत हटेना, आमरी येईना, मी उपाशी. जाळा जाळा, चल ना.”
जाळ तडतडला, “मी एकटा कुठं जात नाही. आत्यानं नेलं तर जाईन.”

येसूआत्या रानाची राखण करायची. वाळकं गवत जाळायचं ते तिनंच, आणि तेही बेतानं. भुणी निघाली आत्याकडे. भुण भुण, भुण भुण.
“जाळ जाईना, गवत हटेना, आमरी येईना, मी उपाशी. आत्या आत्या, जाळ ने ना.”
आत्या म्हणाली, “वारा बघ कसा उंडारतोय. सगळं रान जळेल, बाई. वारा निजला तर नेईन.”

भुणी निघाली वाऱ्याकडे. भुण भुण, भुण भुण.
“आत्या नेईना, जाळ जाईना, गवत हटेना, आमरी येईना, मी उपाशी. वाऱ्या वाऱ्या, नीज ना.”
वारा म्हणाला, “अंगाईशिवाय मला झोप येत नाही. कुणी म्हटली तर निजेन.”

झालं. आता पुढं जायला कुणी उरलंच नाही. भुणीला रडू आलं. ती हळूच मुसमुसली. भुण... भुण... भुण...

वाऱ्यानं जांभई दिली.

भुणीनं ते पाहिलं. डोळे पुसले. आणि भुणभुणतच राहिली.

वारा निजला. जाळ बाहेर पळू नये म्हणून आत्यानं माळाच्या कडेनं पट्टा झाडून घेतला, मग जाळ नेला. जाळानं गवत खाल्लं. चट चट चट. गवत हटलं. पाइनच्या झाडांना काही झालं नाही.

माळ मात्र काळाकुट्ट. भुणी घाबरली. आमरी पण जळाली की काय? आत्यानं तिला गूळ लावलेलं बोट चाटायला दिलं आणि थांब म्हणाली. भुणी थांबली. आज थांबली, उद्या थांबली, परवा थांबली.

काळ्या मातीवर ऊन पडलं. टुच्च! हिरवं टोक वर आलं. मग कळी. मग फूल, गुलाबी.

भुणी आत शिरली. पोटभर मध खाल्ला. कावळे गप्प बसले.

वारा अजून निजलाय हं. हळू बोल. भुण... भुण... भुण...

आता तूही नीज.