बघायचं राहिलेलं गाव

माणसांना रस्ते नव्हते, पण मेंढरांना होते, तेव्हाची गोष्ट. धनगराच्या घोडीवर बिऱ्हाड लादलेलं असे, आणि त्यावर पाटीत चितळी कोंबडी बसलेली. तिच्याखाली सात अंडी. पण चितळीचं सगळं ध्यान वाटेवर. सारखी उठून, मान लांब करून ती गावं मोजायची.

"एकोणचाळीस झाली," ती म्हणाली. "घोडीबाई, तुम्ही एवढं चाललात, पण पाहिलंत काय?"

"दगड," घोडी म्हणाली. "आणि बये, तुझी अंडी माझ्या पाठीला गार लागतायत."

चितळी चटकन खाली बसली, पंख पसरले आणि डोकं पेंढ्यात खुपसलं. घाट आला. "समुद्र दिसतोय," मेंढरं ओरडली. ती उठली नाही. कितीतरी दिवस नुसती अंड्यांना कान लावून बसली. मग एका सकाळी पोटाखाली टकटक झालं. पाच पिल्लं निघाली. दोन अंडी तशीच राहिली.

पुढं धाकट्या पिल्लानं विचारलं, "आई, तुला सगळी गावं पाठ आहेत. मी कुठल्या गावात जन्मलो?"

घोडी गवत चघळायची थांबली.

"ते गाव बघायचंच राहिलं रे," चितळी म्हणाली. "तेव्हा मी तुझी चोच बघत होते."