वळणाआधीचा दिवा

“मग तुम्ही आणि बाबा दिव्यानं बोलायचात, ते कसं?” स्नेहलनं विचारलं.

दस्तगीर चाचानं बशीत चहा ओतला. आधी बशी संपवायची, मग उत्तर द्यायचं, ही त्याची चाळीस वर्षांची रीत. माझ्या टपरीतला बाक त्यानं तेवढीच वर्षं झिजवला आहे.

“बोलत कुठं हुतो? डिपर मारायचो. एकदा मारला म्हंजे ये. दोनदा म्हंजे हळू. तीनदा म्हंजे थांब, वाट अडलीया. संपली बाराखडी.”

“एवढंच?”

“एवढ्यावर पंद्रा वर्सं ह्यो घाट चढलो-उतरलो.”

स्नेहल हसली. त्या हसण्यात थोडी कीव होती, आणि मला ती आवडली नाही. पण पोरगी हुशार, यात वाद नाही.

ती यशवंता चौगुलेची लेक. यशवंता आणि दस्तगीर म्हणजे या घाटातली जोडी. जाताना कोकणात साखरेची पोती, येताना जांभा दगड, दोन ट्रक एकामागोमाग. तेव्हा माझा स्टोव्ह दिवसभर विझायचा नाही. कोण आजारी, कुणाची मुलगी उजवली, सगळं मला इथं बसून कळायचं. आता गाड्या काचा वर करून निघून जातात. खरं सांगतो, ते दिवस आठवले की मला भरून येतं.

स्नेहलला गाडी शिकवली ती चाचानंच. पुढं ती पुण्यात शिकली, कंपनीत लागली आणि गाड्यांना बोलायला शिकवू लागली. गाडीचा दिवा डोळ्याला कळणार नाही इतक्या भराभर लुकलुकतो, आणि समोरच्या गाडीवरचं भिंग ते वाचतं, असं तिचं यंत्र. उन्हात चाललं, पावसात चाललं. धुक्यात मात्र तीनदा मुकं झालं. उद्या कंपनीची मोठी माणसं बघायला येणार होती. चौथ्यांदा फसलं तर काम बंद.

आणि तिला ते धुक्यातच चालायला हवं होतं. यशवंताचा पाय याच घाटात गेला, तेव्हा ती सहा वर्षांची होती. “धुक्यानं घात केला,” एवढंच तो सांगायचा. गेल्या साली तो वारला, तोही तेवढंच सांगून.

“चाचा, धुकं उजेड विस्कटून टाकतं,” स्नेहल म्हणाली. “त्यात इतर गाड्यांचे दिवे मिसळतात. या सगळ्यावर आपला दिवा चढला पाहिजे. म्हणून आज मी जोर चौपट केलाय.”

“आनी खाली गाडी घिऊन बसलेल्या त्या पोराचा?”

“तुषारचा? त्याचाही चौपट.”

“म्हंजे दोगंबी वरडतायसा.”

“ओरडणं नाही हो ते…”

“आयकू येतंय का?”



श्रावणातली दुपार. चार वाजले होते, पण धुकं असं उतरलं होतं की टपरीसमोरचा दगडी कठडाही दिसत नव्हता. तिघं बाहेर आलो. तिची गाडी उताराकडं तोंड करून उभी होती, पुढं दिवा आणि त्याच्या वीतभर शेजारी भिंग. शंभर पावलं खाली तुषारची गाडी वर तोंड करून उभी होती. असं ती म्हणाली म्हणून खरं मानायचं. समोर नुसता पांढरा भपका होता.

बॉनेटवर तिचा लॅपटॉप उघडा होता. पडद्यावर अगम्य खुणांचा चिवडा पडत होता.

फोनवरून तुषार म्हणाला, “ताई, इकडं काहीच कळत नाहीये.”

“अजून वाढव. मीही वाढवते.”

भपका आणखी पांढरा झाला. चिवडा तसाच.

स्नेहलनं कपाळ धरलं. इतका वेळ ताठ असलेली पोरगी बघता बघता रडकुंडीला आली.

“पोरी,” चाचा म्हणाला, “आंदळं वळान आलं की आदी काय करायचं, शिकवलं हुतं न्हवं?”

“हॉर्न द्यायचा.”

“त्याच्याबी आदी.”

“…दिवा क्षणभर बंद करायचा. मला वाटायचं, तुम्ही बॅटरी वाचवताय.”

मला हसू आलं. चाचाला आलं नाही. तो कठड्याला टेकला.

“तुज्या बाचा पाय धुक्यानं न्हाई गेला.”

स्नेहलनं मान वर केली.

“मी नवं दिवं बसवलं हुतं. ह्या घाटात तसलं कुनाकडं न्हवतं. मिरवत हुतो. त्या दिशी मला निगायला उशीर झाला; मी उतरत हुतो, तुजा बा दगड भरून चढत हुता. वळनावर त्याच्या गाडीचा चाकावरला पाटा तुटला. गाडी आडवी. त्यो केबिनमदी बसून डिपर मारत हुता… तीनदा. परत तीनदा.”

“मग?”

“तशीच गाडी घातली त्याच्या केबिनवर. माज्या म्होरं पांढरी भित्त हुती.”

“धुक्याची.”

“माज्याच दिव्याची.”

“तुम्ही दिवा बंद नाही केलात?”

“नवा हुता.”

वाऱ्यानं टपरीचं पत्र्याचं झाकण वाजलं. ते बसवायच्या निमित्तानं मला तिथून हलता आलं असतं. पण पाय निघेना. हे मला ठाऊक होतं. जुन्या सगळ्याच गाडीवाल्यांना ठाऊक होतं. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर यशवंतानं आम्हाला जवळ बोलावून सांगितलं होतं, पोरीच्या कानावर जायला नको, ती दस्तगीरला चाचा म्हणते. आम्ही तोंडाला कुलूप लावलं ते आजवर.

“बाबा मला कधीच बोलले नाहीत,” स्नेहल म्हणाली. “चोवीस वर्षं मी धुक्याशी भांडतेय.”

“व्हय.”

“आणि तुम्ही मला भांडू दिलंत?”

चाचाच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यानं पुसलंही नाही. मग तो गाडीच्या पुढं गेला, डोक्यावरची टोपी काढली आणि तिच्या दिव्यावर घातली. वर दोन्ही तळहात दाबून धरले.

भपका विझला.

“चाचा, हात भाजेल,” ती म्हणाली. रागातही म्हणाली, हे मी पाहिलं.

तो हलला नाही.

थोडा वेळ काहीच दिसेना. मग धुक्याच्या पोटात, खाली, एक फिकट पिवळा ठिपका दिसला. तो मघापासून तिथंच असणार.

पडद्यावरचा चिवडा थांबला. एक अक्षर उमटलं. मग दुसरं.

थांबा. वाट अडली आहे.

तुषारच्या गाडीचा चाचणीचा निरोप. पुन्हा तेच. आणि पुन्हा. थांबा. वाट अडली आहे.

फोनमध्ये तुषार ओरडत होता, “ताई, तुमचा दिवा गेला का? काहीतरी पाठवा की!”

स्नेहल पडद्याकडं बघत होती. तिनं ओठ दाताखाली धरला होता आणि डोळे वाहत होते. यंत्र चाललं म्हणून की बाबासाठी, मी विचारलं नाही. टपरीवाल्यालाही कुठं गप्प बसायचं ते कळतं.

बऱ्याच वेळानं तिनं टोपीकडं हात नेला.

“चाचा… आता लावू माझा दिवा?”

“लाव की,” चाचा म्हणाला. “पर आदी त्याचं बोलून हुं दे.”