भाऊसाहेबांचे रुंद टायर

आमच्या कोल्हापुरात भाऊसाहेब इंगवले म्हणजे मोठं प्रस्थ. आजोबांच्या काळातली मोटार त्यांनी आपल्या मिशीइतकीच जपलेली. भाचीचं लग्न ठरलं आणि त्यांनी हुकूम सोडला, "नवरीला मीच या मोटारीतून कोकणात सोडणार. टायर रुंद घाला, गाडी पैलवानासारखी दिसली पाहिजे!"

बाबू मिस्त्री चाचरत म्हणाला, "सरकार, टायर ज्यावर बसतो ती हिच्या चाकाची मूळ रिम अरुंद आहे. रुंद टायर घाटात वळणावर डुलतील."

"मला शिकवतोस?" झालं, टायर चढले.

नवरीची आई आक्का, म्हणजे भाऊसाहेबांची थोरली बहीण. ती भांडली नाही. तिनं भावाला चहाला बोलावलं आणि एवढ्याशा स्टुलावर भली जाड, रुंद गादी घातली. "बस रे भाऊ, तुझ्या मानाला शोभेल अशी घातलीय."

भाऊसाहेब ऐटीत बसले. आक्कानं चहा मुद्दाम बाजूनं पुढं केला. ते कपाकडं वळले, गादी कलली आणि स्वारी धाडकन जमिनीवर! मिशीतून चहा गळतोय, आणि आम्ही हसू दाबून लालबुंद.

"आक्का, एवढ्याशा स्टुलावर एवढी रुंद गादी कुणी घालतं का?"

"तुझ्या गादीखाली जमीन तरी होती रे," आक्का शांतपणे म्हणाली. "माझ्या पोरीच्या टायरांखाली दरी असेल."

भाऊसाहेबांनी मिशी पुसली आणि ते ओरडले, "बाबू, मूळ मापाचे टायर चढव!"

नवरी सुखरूप सासरी पोचली. भाऊसाहेब मात्र अख्खा घाट एका कुल्ल्यावर बसून उतरले.