पाडव्याचा तमाशा

दिवाळी पाडव्याला जहागीरदार रंगराव चौकात जुगाराचा पट मांडत. हरलेला माणूस उठू लागला, की त्याला डिवचून पुन्हा बसवत. त्यापायी गावातल्या दोघांच्या जमिनी त्यांच्याकडे आल्या होत्या.

यंदा गणोबा कासार दोन रुपये हरला आणि उठला.

"पळतोस कुठं? गाय लाव आणि गेलेले परत जिंक," रंगराव म्हणाले.

गणोबाने पागोटं सारखं केलं. "सरकार, दर पाडव्याला दोन रुपये देऊन मी तमाशा बघतो. यंदा तो तुमच्याकडे बघितला. मजा आली. पण खेळ संपल्यावर नाचणाऱ्याकडे कोणी बिदागी परत मागतं का?"

रंगरावांच्या हातातले फासे हातातच राहिले.

शेजारी बसलेला लोहार उठून जोडे शोधू लागला. "माझाही बघून झाला, सरकार," तो म्हणाला.