ठकुआत्याचं दुधाचं पातेलं

एक होता राजा. मनानं फार हळवा, बरं का. नदीनं अख्खं गाव वाहून नेलं, तेव्हा तो गच्चीत उभा राहून रडला. मग जेवला. मग कारभाऱ्याला म्हणाला, "विसोबा, माळावर घरं बांध. गच्चीतून छान दिसली पाहिजेत."

विसोबा त्याच गावचा. ठकुआत्याच्या ओट्यावर खेळून मोठा झालेला. पुरातून आत्याला त्यानंच पाठीवर आणलं होतं. "आत्या, तुला पहिलं घर देतो," असा शब्दही दिला होता.

मग झाली घरं. पांढरीशुभ्र, एका रांगेत. गळत नव्हती हो, खोटं कशाला बोला!

ठकुआत्या आली. काखोटीला एवढंसं पातेलं. पुरातून तेवढंच वाचलेलं.

"विसोबा, उंबरठा कुठंय रे?"

"तात्पुरतं घर आहे, आत्या. उंबरठा कशाला?"

"बरं, ओटा?"

"पाणी ओसरलं की जायचंच आहे. बसतेस कशाला?"

"मग चूल तरी? नव्या घरात दूध उतू घालायचंय."

"माळाच्या टोकाला सगळ्यांची एक चूल आहे. तिथं घाल की!"

"तिथं उतू गेलेलं या घराला कसं कळायचं, शहाण्या?"

विसोबा हसला. हसायला नको होतं.

पाणी ओसरलं. पण राजानं मोरांसाठी महाल काढला होता, गवंडी सगळे तिकडं. दसरा गेला, होळी गेली, लोक माळावरच. ठकुआत्याचं पातेलं कोरडंच.

मग एके सकाळी काय झालं, विसोबा माळावर येतो तर लोक उघड्यावर बसलेले, आणि घरं निघालेली चालत! एकामागं एक, डोंगराकडं.

विसोबा धावला. शेवटच्या घराला धापा टाकत म्हणाला, "अरे, निघालात कुठं?"

घर म्हणालं, "दूध उतू गेलं नाही. उंबरठ्यावर रांगोळी नाही. ओट्यावर दोन बाया भांडल्या नाहीत. आम्ही कुणाची घरं आहोत, हेच आम्हाला कळलं नाही. मग थांबायचं कशाला?"

"चुकलो मी. चला मागं. सगळं करतो."

"राजाला विचारलंस?"

"नाही."

"मग करशील," घर म्हणालं, आणि वळलं.

मग उंबरठे बसले, ओटे झाले, चुली पेटल्या. माळभर करपल्या दुधाचा वास. राजानं गच्चीतून पाहिलं आणि म्हणाला, "रांग बिघडली."

पण पहिलं घर रिकामंच. ठकुआत्या त्याच सकाळी गाठोडं बांधून डोंगरापलीकडं भाचीकडं निघून गेली होती. विसोबा तिकडं गेला. पाया पडला.

आत्या रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "दोनदा घर गेलं, बाळा. आता तिसऱ्यांदा मांडायला हात उठत नाही." आणि पातेलं त्याच्या हातात दिलं.

मग विसोबानं तिच्या घरात स्वतः दूध उतू घातलं. घर खूश झालं. दाराकडं बघत राहिलं.

लोक तिथं सुखानं नांदले. ठकुआत्याही भाचीकडं सुखानं राहिली. विसोबा रोज संध्याकाळी माळावरच्या तिच्या घराच्या ओट्यावर बसायचा, एका कडेला. एका माणसाची जागा सोडून.

चला, मिटा डोळे. आणि दार नुसतं लोटा गं, कडी नको. कुणी उशिरा आलंच तर?