‘घरी गेले’चा रकाना

एकदा एका राज्यात ताप शिरला आणि तीन ऋतू उलटले तरी निघायचे नाव घेईना. राज्यात प्रजेसाठी अकरा आरोग्यशाळा होत्या. प्रत्येक शाळेचा वैद्य आपापल्या बुद्धीने काढा उकळत होता, आपलाच काढा रामबाण म्हणून छातीठोकपणे सांगत होता, आणि माणसे मरत होती.

तेव्हा वृद्ध राजवैद्यांनी या अकरा शाळा एका सूत्रात बांधल्या. एका डोंगरी मुळीच्या नव्या काढ्याची परीक्षा सर्वत्र एकाच रीतीने व्हायची. येणाऱ्या रुग्णांपैकी एकाआड एकाला नवा काढा, उरलेल्यांना जुना. आणि सर्वांनी एकाच नमुन्याचे पत्रक भरायचे. किती आले, किती घरी गेले, किती दगावले. ऐकायला सोपे वाटते. पण अकरा वैद्यांना एका पत्रकावर आणायला चार महिने लागले, आणि त्यातले तीन आठवडे तर पहिली सही कोणाची याच वादात गेले. रोग परवडला, वैद्यांचा मानपान नको.

राजवैद्यांची एक शिष्या होती. राजधानीच्या शाळेत ती स्वतः रुग्ण पाही आणि सगळीकडून आलेली पत्रकेही तीच जुळवी. पत्रके जुळली तेव्हा तिला आनंदाने रडू आले. जुन्या काढ्यावरचे शंभरात पंधरा दगावले होते, नव्यावरचे अवघे चार! घाटमाथ्यावरच्या एका शाळेचा आकडा तेवढा उलटा होता; तिथे नव्या काढ्यावरचेच जास्त मेले होते. तिथला वैद्य निष्काळजी असणार, असे तिने ठरवून टाकले आणि पत्रके घेऊन ती धावतच गुरूंकडे गेली.

“आचार्य, शिक्का द्या. अकराही शाळांत काहिली चुलीवर चढवून ठेवल्या आहेत. उद्यापासून सगळ्यांना नवा काढा देता येईल.”

राजवैद्यांनी पत्रके चाळली. घाटमाथ्याच्या पत्रकापाशी ते बराच वेळ थांबले. मग त्यांनी शिक्का पेटीत ठेवला आणि पेटीला कुलूप घातले.

“नवा काढा आता कोणालाच द्यायचा नाही,” ते म्हणाले. “तुझ्या शाळेतून घरी गेलेल्यांची नावे घे. प्रत्येकाच्या दारी जा. कसे आहात, एवढेच विचार आणि परत ये.”

“बऱ्या झालेल्यांची विचारपूस करत हिंडू? इथे रोज माणसे मरताहेत, आचार्य!”

“म्हणूनच जा.”

ती निघाली, पण तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. म्हातारपणी गुरूंनी कच खाल्ली, असेच तिला वाटत होते. तिच्या यादीत चाळीस नावे होती. पहिले घर रंगाऱ्याचे. तो कोपरापर्यंत निळे हात घेऊन बाहेर आला आणि त्याने तिला आग्रहाने ताक पाजले. दुसऱ्या घरची म्हातारी सुनेशी भांडत होती, म्हणजे तीही ठणठणीत. तिसऱ्या घरीही हसणेच ऐकू आले. फुकट गेलेला एकेक तास शिष्येच्या जिवाला लागत होता.

चौथे घर सुभाना कुंभाराचे होते. अंगणात चाक उभे करून भिंतीला टेकवलेले होते. सुभानाची बायको कोंडाबाई उंबऱ्यात बसली होती.

“सुभाना कसे आहेत आता?” शिष्येने विचारले.

कोंडाबाईने उभ्या चाकाकडे बोट दाखवले. “आसं काय इचारता, वैद्यबाई? तुमीच तर म्हनलात, न्या घरी.”

आणि शिष्येला सगळे आठवले. सुभानाला नवा काढा दिला होता. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, चौथ्या दिवशी तो भाकर मागू लागला. सहाव्या दिवशी त्याचे पाय सुजले आणि त्याला दम लागला. कोंडाबाईने हात जोडले होते. “परक्या छपराखाली नगं जायाला त्याचा जीव.” शिष्येला तिची दया आली. तिने मान हलवली, चार माणसांनी खाट उचलली, आणि तिने पत्रकात सुवाच्य अक्षरात लिहिले, ‘घरी गेला’. त्यात एक अक्षरही खोटे नव्हते.

पुढची छत्तीस घरे तिने कशी केली ते तिचे तिलाच ठाऊक. जुन्या काढ्यावरून घरी गेलेल्या एकोणीस जणांत दोघे उरले नव्हते. नव्या काढ्यावरून गेलेल्या एकवीस जणांत नऊ. त्या नऊही घरी तेच ऐकू आले. ताप उतरला, पाय सुजले, दम लागला.

सहा दिवसांनी ती परतली आणि तिने यादी गुरूंसमोर ठेवली. दुसऱ्या शाळांनाही राजवैद्यांनी हाच प्रश्न धाडला होता. तीन उत्तरे समोर उघडी पडली होती, आणि तीही तशीच होती.

“तुम्हाला कसे कळले?” तिने विचारले.

“घाटमाथ्याच्या शाळेपासून जवळात जवळचे गाव चार दिवसांच्या वाटेवर आहे,” राजवैद्य म्हणाले. “मरणाऱ्याला तिथून घरी कोण नेणार? तिथे माणूस शाळेतच मरतो आणि मेला असे लिहिले जाते. बाकीच्या शाळांत एकाच रकान्यात चालत गेलेलेही बसले आणि खाटेवरून नेलेलेही. जुन्या काढ्यावरचे तापाच्या ग्लानीतच जात, त्यांना हलवायला वेळ नसे. नवा काढा ताप उतरवतो, मग काळीज थकवतो. घरी न्यायला तो पुरेसा वेळ देतो.”

“सूज तर प्रत्येक शाळेत दिसली असेल.”

“दिसली. प्रत्येकाला वाटले, आपल्याकडचा योगायोग.” राजवैद्यांनी एक कोरे पत्रक पुढे ओढले. “तो रकाना मीच आखला होता. चार महिने मी सह्या जुळवत बसलो आणि शब्दाचा अर्थ जुळवायचा राहिला. तुझ्या नऊ जणांचा दोष आधी माझ्याकडे येतो.”

तिला त्याने धीर आला नाही. ती उठून शाळेत गेली. तिथे हैबती नावाचा मेंढपाळ होता. शिक्का मागायला निघाली त्याच दिवशी सकाळी तिने स्वतःच्या हाताने त्याला नवा काढा पाजला होता. त्याचे पाय सुजले होते. उशाशी बसलेल्या बहिणीने तिला पाहून हात जोडले.

“घरी न्हेऊ का, बाई?”

शिष्येपाशी आता औषध नव्हते. तिने होकार दिला. मात्र या वेळी तिने पत्रक भरले नाही. ते झोळीत घातले आणि ती बैलगाडीमागून चालू लागली. वाटेत ती हैबतीला घोट घोट पाणी पाजत राहिली. ते सोडून तिला काही करता येण्यासारखे नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी, मेंढ्यांभोवती लावलेल्या जाळीच्या वाघुरीजवळ, हैबती गेला. बहिणीने त्याचे डोळे मिटले. शिष्येने तिथेच मातीत बसून पत्रक काढले आणि लिहिले, ‘घरी नेला. घरी वारला. पाय सुजले होते, दम लागला होता.’

“काय लिवता?” बहिणीने विचारले.

“हैबती कसा गेला ते. अकराही शाळांत हे वाचतील. तो काढा आता कोणालाच द्यायचा नाही.”

बहिणीने त्या कागदाकडे पाहिले. तिला वाचता येत नव्हते.

“मंग नीट लिवा,” ती म्हणाली. “नाव बी लिवा त्याचं.”